परत फिरलेलं विमान

चार ओळींची बातमी होती. रात्री सव्वाअकराच्या सुमारास वृत्तसंस्थेकडून आली. उड्डाणानंतर वीस मिनिटांनी एका प्रवासी विमानात तांत्रिक बिघाड आढळला, वैमानिकाने विमान परत फिरवलं, ते सुरक्षित उतरलं, प्रवाशांना दुसऱ्या विमानाने रवाना करण्यात आलं. बस, एवढंच. मी तेव्हा उपसंपादक होते, नोकरीला दोन वर्षंही झाली नव्हती, आणि पहिल्या पानावर तीन कॉलमांची जागा अजून मोकळी होती.

मी त्या चार ओळींच्या चौदा केल्या. ‘दीडशे प्रवाशांचा जीव टांगणीला’ हा मथळा. त्याखाली उपमथळा, ‘काळ आला होता, पण वेळ आली नव्हती’. मजकुरात आकाशातला थरार, रोखून धरलेले श्वास, वैमानिकाच्या प्रसंगावधानाने टळलेला अनर्थ. यातला एकही शब्द मूळ बातमीत नव्हता. श्वास रोखून बसलेला प्रवासी मी पाहिला नव्हता आणि कोणी पाहिल्याचं मला कोणी सांगितलंही नव्हतं. पण ती वाक्यं बोटांवर तयार होती. आधीच्या शेकडो बातम्यांमध्ये ती छापून आली होती, त्यामुळे ती खरीच असणार असं काहीसं मनात असावं. पान सुटलं. रात्रपाळीचे प्रमुख म्हणाले, ‘छान खुलवलीस.’ मी खुशीत घरी गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी कार्यालयात माझ्यासाठी फोन आला. बोलणारे गृहस्थ विमानांच्या देखभालीचं काम करणारे अभियंता होते. आदल्या रात्री परत आलेलं विमान त्यांच्याच पाळीत तपासायला आलं होतं. आता हे चिडणार, असं मला वाटलं. ते चिडले नाहीत. शांतपणे, एखाद्या विद्यार्थ्याला समजावून सांगावं तसं बोलत राहिले.

‘मॅडम, त्या विमानात हायड्रॉलिकच्या, म्हणजे द्रवाच्या दाबावर चालणाऱ्या, तीन स्वतंत्र यंत्रणा असतात. त्यातल्या एकीचा दाब कमी दाखवत होता. बाकी दोन ठणठणीत होत्या. वैमानिकांनी त्या बिघाडासाठीची यादी उघडली, एकेक मुद्दा वाचला आणि परत यायचं ठरवलं. लँडिंग नेहमीसारखं झालं. एक जोड गळत होता, आम्ही तो बदलला.’ मग थोडं थांबून म्हणाले, ‘तुम्ही काय लिहायचं ते मी सांगणार नाही. फक्त एक लक्षात घ्या. परत फिरायचं की पुढे जायचं, हे ठरवताना कॅप्टनच्या डोक्यात बरंच काही असतं. उशीर, इंधन, खोळंबणारे प्रवासी, नंतर द्यायचा खुलासा. ते सगळं बाजूला सारून त्या माणसाने बरोबर निर्णय घेतला. पुढच्या वेळी त्याच्या डोक्यात तुमचा मथळाही असेल.’

मी ‘बरं’ म्हणाले आणि फोन ठेवला. त्यानंतर बरीच वर्षं मी डेस्कवर काढली, पण ते शेवटचं वाक्य काही पुसलं गेलं नाही. तोवर मला वाटायचं, आम्ही लिहितो ते घडून गेलेल्या गोष्टीबद्दल. गोष्ट आधी घडते, मथळा नंतर येतो. मथळा पुढच्या गोष्टीच्या आधी येऊन बसतो, हे मला त्या दिवसापर्यंत सुचलंच नव्हतं.

त्यानंतर मी विमानांच्या बातम्या वेगळ्या नजरेने वाचायला लागले. आधी नजरेत भरली ती क्रियापदं. विमान उतरतं, खाली येतं, उंची कमी करतं आणि कोसळतं. आपल्या भाषेत या चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत. बातमीत मात्र पहिल्या तिन्हींच्या जागी चौथी सर्रास येते. ‘तांत्रिक बिघाड’ या दोन शब्दांत स्वच्छतागृहाच्या तुंबलेल्या नळीपासून बंद पडलेल्या इंजिनापर्यंत काहीही मावतं. वैमानिकांच्या रेडिओवरच्या बोलण्यात ‘पॅन-पॅन’ आणि ‘मेडे’ असे दोन वेगळे पुकारे आहेत. पहिल्याचा अर्थ, अडचण आहे, आम्हाला प्राधान्य द्या. दुसऱ्याचा अर्थ, जिवाला धोका आहे. आमच्याकडे दोन्हींसाठी एकच शब्दप्रयोग, ‘इमर्जन्सी लँडिंग’. त्यापुढे उद्गारचिन्ह.

या क्रियापदांनी काय होतं ते मला सर्वांत स्पष्ट दिसलं २०२४ मध्ये. २१ मे रोजी लंडनहून सिंगापूरला निघालेलं सिंगापूर एअरलाइन्सचं बोइंग ७७७ म्यानमारवरून जात असताना जबर टर्ब्युलन्समध्ये, म्हणजे हवेच्या हेलकाव्यांत, सापडलं. एका प्रवाशाचा मृत्यू झाला, कित्येक जण जखमी झाले, काहींच्या मणक्याला इजा झाली. विमान बँकॉकला उतरवण्यात आलं. काही तासांत जगभर मथळे झळकले, की विमान ६,००० फूट कोसळलं. विमानांचा मार्ग थेट दाखवणाऱ्या संकेतस्थळांवर ३७,००० फुटांवरून ३१,००० फुटांवर आलेली रेघ दिसत होती. ती रेघ आणि आतल्या विस्कटलेल्या सामानाची छायाचित्रं शेजारी ठेवली की गोष्ट आपोआप तयार होत होती. मीही ती वाचली आणि त्या क्षणी मलाही ती खरी वाटली.

सिंगापूरच्या तपास यंत्रणेने आठवड्याभरात प्राथमिक माहिती जाहीर केली. ज्या ४.६ सेकंदांत माणसं जखमी झाली, त्या वेळात विमान १७८ फूट खाली आलं होतं. ६,००० फुटांचा उतार खराच होता, पण तो सुमारे सतरा मिनिटांनंतरचा. बँकॉककडे वळल्यावर वैमानिकांनी नियंत्रणात, ठरवून घेतलेला. मधल्या वेळात त्यांनी विमान सावरून ऑटोपायलट पुन्हा चालूही केला होता.

कोणी म्हणेल, माणूस गेला, माणसं कायमची जायबंदी झाली, मग १७८ फूट काय आणि ६,००० काय. मला हा फरक फार मोठा वाटतो. त्या विमानात आधी ०.६ सेकंदात माणसांचं वजन जणू उलटं झालं. पट्टा न बांधलेली शरीरं छताकडे फेकली गेली आणि पुढच्या चार सेकंदांत तितक्याच जोराने खाली आदळली. पट्टे बांधायचा दिवा लागल्याचं वैमानिकाने सांगितल्याचं ध्वनिमुद्रणात आहे, आणि त्यानंतर जेमतेम आठ सेकंदांत हे सुरू झालं. आठ सेकंदांत रांगेत उभा असलेला माणूस जागेवर पोचून पट्टा लावू शकत नाही. म्हणजे दिवा बंद असतानाही, झोपतानाही पट्टा बांधलेला असावा, हे त्या १७८ फुटांमधून कळतं. ६,००० फुटांच्या गोष्टीतून काय कळतं? विमान आकाशातून पडू शकतं आणि आपण त्यात काही करू शकत नाही, एवढंच. पहिली गोष्ट वाचलेला माणूस पुढच्या प्रवासात पट्टा घट्ट करतो. दुसरी वाचलेला खुर्चीचे हात घट्ट धरतो.

ऑक्सिजनचे मास्क खाली येतात तेव्हाही असंच होतं. केबिनमधला हवेचा दाब गेला, तर ३५,००० फुटांवर माणूस शुद्धीवर राहून काही करू शकेल असा वेळ अर्धा ते एक मिनिट असतो, आणि प्रवाशांच्या मास्कमधला ऑक्सिजन साधारण दहा-पंधरा मिनिटं पुरतो. म्हणून वैमानिक विमान झपाट्याने १०,००० फुटांवर आणतात, जिथे मास्कशिवाय श्वास घेता येतो. ही उतरण वैमानिकांनी सिम्युलेटरमध्ये पुन्हा पुन्हा केलेली असते. प्रवाशाला ती भयंकर वाटते यात शंका नाही आणि त्याच्या भीतीबद्दल लिहायलाच हवं. पण त्याच्या भीतीलाच घटनेचं वर्णन म्हणून छापलं, तर विमानाने त्याचा जीव वाचवण्यासाठी जे केलं तेच त्याच्या जिवावर उठल्यासारखं दिसतं. तासन्तास घिरट्या घालणारं विमान बहुतेक वेळा इंधन संपवून उतरण्याइतकं हलकं होत असतं. धावपट्टीशेजारी उभे असलेले बंब लागले तर असावेत म्हणून उभे असतात.

या सगळ्याचं टोक मला २००५ च्या एका घटनेत दिसतं. २१ सप्टेंबरला कॅलिफोर्नियातल्या बरबँकहून न्यूयॉर्ककडे निघालेल्या जेटब्लूच्या एअरबस ए-३२० विमानाचं पुढचं चाक नव्वद अंशांत आडवं वळून अडकलं. त्या विमानाला इंधन हवेत सोडून देण्याची सोय नव्हती, म्हणून ते सुमारे तीन तास घिरट्या घालत राहिलं. आणि त्या विमानात प्रत्येक खुर्चीसमोर थेट प्रक्षेपणाचा टीव्ही होता. आपलंच विमान, आपलंच आडवं चाक, आणि आपलं काय होईल याची चर्चा करणारे जाणकार, हे सगळं प्रवासी आपल्या जागेवर बसून पाहत होते. उतरण्याआधी पडदे बंद करण्यात आले. विमान मागच्या चाकांवर उतरलं, पुढचं चाक शेवटी टेकलं, ठिणग्या उडाल्या, जाळ दिसला आणि विमान धावपट्टीच्या मधल्या रेषेवर थांबलं. १४६ जणांपैकी कोणालाही इजा झाली नाही. मी अनेकदा त्या प्रवाशांच्या जागी स्वतःला बसवून पाहते. पुढच्या दाराआड दोन माणसं नेमून दिलेलं काम करत आहेत, केबिनमधले कर्मचारी माणसांना मागच्या जागांवर हलवत आहेत, आणि हातभर अंतरावरच्या पडद्यावर कोणीतरी अनोळखी माणूस आपल्या मरणाच्या शक्यता मोजतो आहे. त्या माणसाला आपलं बोलणं आत पोचतं आहे हे ठाऊक असतं, तर तो वेगळं बोलला असता का? मला वाटतं, हो. आणि मग प्रश्न पडतो, की ऐकणारे विमानात नसून घरात असले म्हणून बोलणं बदलावं कशासाठी.

पण अभियंत्यांच्या वाक्याकडे परत येते, कारण मला खरी काळजी तिथली आहे. प्रवासी घाबरतात ही गोष्ट वाईट आहेच. त्याहून वाईट गोष्ट अशी, की सावधपणाचीच बातमी होते. विमान परत फिरलं, दुसरीकडे वळवलं, उतरता उतरता पुन्हा वर गेलं, यांतली प्रत्येक गोष्ट म्हणजे कोणीतरी वेळेवर ‘नको’ म्हटल्याची खूण असते. आम्ही प्रत्येक वेळी त्या ‘नको’ला दुर्घटनेच्या शेजारच्या खुर्चीत बसवतो.

उतरता उतरता विमान पुन्हा वर नेणं, ज्याला गो-अराउंड म्हणतात, त्याचंच घ्या. वेग जास्त आहे, विमान नीट रेषेत नाही, धावपट्टी मोकळी नाही, वारा अचानक बदलला, अशा वेळी इंजिनांना जोर देऊन वर जायचं आणि पुन्हा फेरी मारून यायचं. बातमीत हे ‘धावपट्टीला स्पर्श करणार इतक्यात’ असं येतं. फ्लाइट सेफ्टी फाउंडेशन ही विमानसुरक्षेवर काम करणारी आंतरराष्ट्रीय संस्था आहे. तिच्या अभ्यासात असं आढळलं, की ज्या वेळी विमान उतरण्यासाठी स्थिर नसतं आणि नियमाप्रमाणे गो-अराउंड करायला हवा असतो, त्या १०० पैकी जवळजवळ ९७ वेळा वैमानिक तसेच उतरतात. फक्त ३ वेळा वर जातात. बहुतेकदा काही होत नाही. कधीतरी विमान धावपट्टी सोडून पुढे निघून जातं. म्हणजे विमानवाहतुकीला अधिक गो-अराउंड हवे आहेत. आणि आम्ही जे तिघं वर गेले त्यांच्या नावाने ‘थरार’ छापतो. ९७ जणांची बातमी कधी होतच नाही, कारण ती विमानं वेळेवर उतरलेली असतात. एखाद्या वैमानिकाने मथळ्याला घाबरून विमान उतरवलं असं मी म्हणत नाही. तसं कोणी सांगणारही नाही. पण ज्या समाजात वर गेलेल्या विमानातले प्रवासी उतरताना कॅप्टनकडे संशयाने पाहतात, त्या समाजाचं वजन कॉकपिटमध्ये थोडंतरी जाणवत असणार.

चुका सांगण्याच्या बाबतीत तर हे वजन उघडच मोजलं गेलं आहे. १ डिसेंबर १९७४ रोजी ट्रान्स वर्ल्ड एअरलाइन्सचं ५१४ क्रमांकाचं विमान वॉशिंग्टनजवळच्या डोंगरावर आदळलं आणि आतले सर्व ९२ जण गेले. नियंत्रकाच्या एका सूचनेचा आणि नकाशाचा अर्थ वैमानिकांनी चुकीचा लावला होता आणि ते लवकर खाली आले होते. नंतर कळलं, की सहाच आठवडे आधी दुसऱ्या एका कंपनीचं विमान त्याच जागी, त्याच चुकीमुळे डोंगराला लागता लागता वाचलं होतं. त्या कंपनीने आपल्या वैमानिकांना सावध केलं. बाकीच्यांपर्यंत ती गोष्ट पोचली नाही, कारण ती पोचायला वाटच नव्हती. त्यातून अमेरिकेत १९७६ मध्ये एक व्यवस्था उभी राहिली. वैमानिक, नियंत्रक, देखभाल करणारे, कोणीही आपली चूक लिहून पाठवावी. ती नासाकडे जाते, तिच्यातून नाव काढून टाकलं जातं आणि उरतो फक्त धडा. ही व्यवस्था एका साध्या विश्वासावर चालते. सांगणाऱ्याला कोणी वेशीवर टांगणार नाही, हा तो विश्वास. आमचा धंदा मात्र वेस बांधण्याचाच झाला आहे, असं मला अनेक रात्री वाटायचं.

अपघात झाल्यावर तर आमचा तोल पारच जातो. १२ जून २०२५ ला अहमदाबादहून लंडनला निघालेलं एअर इंडियाचं बोइंग ७८७ उड्डाणानंतर काही क्षणांतच पडलं. विमानातले २४१ आणि जमिनीवरचे १९, असे २६० जीव गेले. आत बसलेल्यांपैकी एकच माणूस वाचला. तो दिवस आठवला की आजही मला नीट बोलता येत नाही. ढिगारा विझलाही नव्हता तेव्हा वाहिन्यांवर कारणं ठरली होती. पंखांचे फ्लॅप, म्हणजे उड्डाणाच्या वेळी जास्त उचल देणाऱ्या पंखांच्या मागच्या पट्ट्या, उघडले नव्हते. पक्षी आदळले. चुकीची कळ ओढली. अस्पष्ट चित्रफितीवर लाल वर्तुळं काढून माणसं खात्रीने बोलत होती. एका महिन्याने प्राथमिक अहवाल आला. फ्लॅपची दांडी उड्डाणासाठी हवी त्या जागीच होती. मार्गात उल्लेखनीय पक्षी नव्हते. ज्या दोन गोष्टी आठवडाभर घराघरांत शपथेवर सांगितल्या गेल्या, त्या दोन्ही टिकल्या नाहीत. ती चूक झाली असं सांगायला कोणी पडद्यावर आलेलं मला तरी दिसलं नाही.

आणि अहवाल आल्यावर नवं सुरू झालं. दोन्ही इंजिनांचा इंधनपुरवठा एका सेकंदाच्या अंतराने बंद झाला, एका वैमानिकाने दुसऱ्याला ‘तू बंद का केलास’ असं विचारलं आणि दुसऱ्याने ‘मी नाही केला’ असं उत्तर दिलं, एवढं त्यात होतं. कोणी कोणाला विचारलं ते त्यात नव्हतं. त्या न लिहिलेल्या जागेत लोकांनी नावं भरली, मग हेतू भरला, मग त्या माणसाचं घर, त्याचं मन, त्याची दुखणी. अमेरिकेच्या तपास मंडळाच्या अध्यक्षांनी जाहीरपणे सांगितलं, की या बातम्या घाईच्या आणि तर्कावर उभ्या आहेत. भारतीय तपास यंत्रणेनेही थांबायचं आवाहन केलं. ज्यांचं माणूस त्या कॉकपिटमध्ये होतं, त्यांच्या घरातही टीव्ही असतो. मला राहून राहून ते जेटब्लूचे पडदे आठवत होते.

तपास मंद का असतो, हेही आम्ही कधी नीट सांगितलं नाही. आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक करारात तेरावं परिशिष्ट आहे, १९५१ पासून. त्यात स्पष्ट लिहिलं आहे, की तपासाचा एकमेव हेतू पुढचा अपघात टाळणं हा आहे, दोष कोणाच्या माथी मारणं हा नाही. म्हणून त्या तपासाला आमचा पहिला प्रश्न, ‘कोणी केलं?’, सोयीचा नसतो. तो विचारतो, हे घडू शकलं कसं? १ जून २००९ ला एअर फ्रान्सचं ४४७ क्रमांकाचं विमान २२८ जणांसह अटलांटिकमध्ये गेलं, तेव्हा पहिल्या दिवसांत वीज पडल्याची चर्चा जोरात होती. ब्लॅक बॉक्स सापडले मे २०११ मध्ये, जवळपास चार किलोमीटर खोल पाण्यात. अंतिम अहवाल आला जुलै २०१२ मध्ये. वेग मोजणाऱ्या नळ्यांमध्ये बर्फ साचला, ऑटोपायलट सुटला, आणि त्यानंतरच्या गोंधळात विमानाने उंची धरून ठेवण्याची क्षमता गमावली. त्या अहवालामुळे जगभर वैमानिकांचं प्रशिक्षण बदललं. तीन वर्षांनी आलेल्या त्या अहवालाला किती कॉलम मिळाले असतील, हे आमच्या डेस्कवर बसलेल्या कोणालाही सांगता येईल.

घाईत माणूस काय करून बसतो याचं माझ्या मनातलं सर्वांत लाजिरवाणं उदाहरण सान फ्रान्सिस्कोचं आहे. ६ जुलै २०१३ ला तिथे एशियाना एअरलाइन्सचं विमान उतरताना आदळलं, तीन तरुण मुली गेल्या. सहा दिवसांनी तिथल्या एका वाहिनीने वैमानिकांची म्हणून चार नावं वाचून दाखवली. ती नावं नव्हतीच. आशियाई उच्चारांची टिंगल करण्यासाठी कोणीतरी रचलेले शब्द होते. तपास मंडळातल्या एका उन्हाळी प्रशिक्षणार्थीने फोनवर त्यांना दुजोरा दिला होता. पुढे वाहिनीनेही माफी मागितली आणि मंडळानेही. निवेदिकेने पडद्यावर आलेलं वाचलं. वाचण्याआधी कोणीतरी ती नावं एकदा मोठ्याने म्हणून पाहायला हवी होती. तेवढा वेळ कोणाकडेच नव्हता.

या भीतीची किंमत कोणी मोजली आहे का? आहे. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेचे प्राध्यापक अर्नोल्ड बार्नेट यांनी १९८८-८९ मधली न्यूयॉर्क टाइम्सची पहिली पानं तपासली होती. कर्करोगाच्या दर हजार मृत्यूंमागे पहिल्या पानावर ०.०२ बातम्या, आणि प्रवासी जेट विमानांच्या अपघातातल्या दर हजार मृत्यूंमागे १३८. त्याच बार्नेट यांच्या अलीकडच्या हिशेबानुसार, २०१८ ते २०२२ या काळात विमानात चढणाऱ्या १ कोटी ३७ लाख प्रवाशांमागे एकाचा मृत्यू झाला. १९६८ ते १९७७ मध्ये हे प्रमाण साडेतीन लाखांमागे एक होतं. आणि रस्त्यांवर जगभरात दर वर्षी सुमारे ११ लाख ९० हजार माणसं मरतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ११ सप्टेंबर २००१ नंतर अमेरिकेत अनेकांनी विमान सोडून मोटार धरली. गर्ड गिगरेंझर या मानसशास्त्रज्ञांनी त्यानंतरच्या बारा महिन्यांतले रस्त्यावरचे मृत्यू तपासले, तेव्हा नेहमीपेक्षा सुमारे १५०० जास्त निघाले. ही माणसं ज्यामुळे गेली, ती भीती होती.

माझा मोठा भाऊ एकदा असाच निघाला. एका अपघाताचे व्हिडिओ तीन दिवस पाहून त्याने तिकिटं रद्द केली आणि दोन लहान मुलांना मागच्या सीटवर झोपवून रात्रभर गाडी चालवत गेला. काही झालं नाही, सगळे सुखरूप पोचले. पण त्या रात्री मी जागी होते, आणि त्या व्हिडिओंखालचे मथळे ज्या पद्धतीने लिहिले होते, तशीच वाक्यं मी स्वतः लिहिलेली आहेत हे मला विसरता येत नव्हतं.

याचा अर्थ विमानकंपन्यांना आणि उत्पादकांना मोकळं सोडावं असा कोणी काढू नये. लपवाछपवी तिथेही होते आणि तिने माणसं मेली आहेत. २९ ऑक्टोबर २०१८ ला इंडोनेशियात लायन एअरचं बोइंग ७३७ मॅक्स समुद्रात पडलं, १८९ जण गेले. १० मार्च २०१९ ला इथिओपियन एअरलाइन्सचं तेच मॉडेल पडलं, १५७ जण गेले. विमानाचं नाक आपोआप खाली दाबणारी एक संगणकीय यंत्रणा एकाच सेन्सरच्या भरवशावर ठेवली होती आणि ती आहे हेसुद्धा वैमानिकांना आधी सांगितलं नव्हतं. लायन एअरचं तेच विमान आदल्या रात्री तसंच वागलं होतं. कॉकपिटमध्ये जादाच्या जागेवर बसलेल्या तिसऱ्या वैमानिकाच्या मदतीने ते सावरलं गेलं. ते परत फिरलं नाही, ठरलेल्या ठिकाणी गेलं आणि विमानाच्या नोंदवहीत झालेलं सगळं नोंदवलं गेलं नाही. मला हे वाचलं तेव्हा ते अभियंता आठवले. परत फिरलेलं एक विमान, पूर्ण लिहिलेली एक नोंद, कदाचित इतकंच मध्ये होतं.

आणि या प्रकरणात खरं काम पत्रकारांनीच केलं, हेही अभिमानाने सांगायला हवं. सिएटल टाइम्स या अमेरिकी वृत्तपत्राने मार्च २०१९ मध्ये दाखवून दिलं, की सुरक्षेच्या मूळ कागदांत ती यंत्रणा मागचा पंख ०.६ अंश हलवू शकेल असं लिहिलं होतं, प्रत्यक्षात ती २.५ अंश हलवत होती. त्या बातमीसाठीचे प्रश्न त्यांच्या वार्ताहराने कंपनीला आणि नियामकाला दुसरा अपघात होण्याआधीच पाठवले होते. त्या पत्रकारांना २०२० मध्ये पत्रकारितेचं पुलित्झर पारितोषिक मिळालं. त्यांच्या बातमीत थरार नव्हता, अंश होते. पण ती वाचून अंगावर काटा येतो, कारण तो दशांश चिन्हानंतरचा आकडा खरा आहे.

आरडाओरड्याचा तोटा अशा बातम्यांनाच होतो. जानेवारी २०२४ मध्ये अलास्का एअरलाइन्सच्या मॅक्स विमानाच्या दाराच्या जागी बसवलेला भाग हवेत निखळला. त्याचे चार बोल्ट कारखान्यातच बसवायचे राहिले होते. ही गंभीर बाब होती, तिचा पाठपुरावा व्हायलाच हवा होता. पण मार्चमध्ये वीस वर्षांहून जुन्या एका बोइंगचं चाक गळालं आणि तेही त्याच मथळ्यात बसलं. चाक काढणं-घालणं हे वर्षानुवर्षं विमानकंपनीच्या देखभालीचं काम असतं. न बसवलेले चार बोल्ट आणि जुन्या विमानाचं चाक एकाच आवाजात सांगितलं, की वाचकाला दोन्ही सारखेच वाटतात. आणि थोड्या दिवसांनी तो दोन्ही ऐकेनासा होतो.

डेस्कवरच्या माझ्या शेवटच्या वर्षात एका रात्री अशीच बातमी आली. इशाऱ्याचा दिवा लागला, विमान परत फिरलं, सगळे सुखरूप. माझ्या शेजारी नवीनच लागलेला एक मुलगा बसायचा, हुशार, हात भराभर चालणारा. त्याने पाच मिनिटांत मथळा लावून दाखवला. ‘आकाशात थरार’. मी त्याला विचारलं, ‘थरार कोणी सांगितला?’ तो गोंधळला. म्हणाला, ‘ताई, तसं लिहितातच ना.’ मी त्याला त्या जुन्या फोनबद्दल सांगितलं. तो बराच वेळ पडद्याकडे पाहत बसला. मग त्याने विमानतळावर फोन लावला, दोनदा धरून ठेवावा लागला तरी ठेवला नाही, आणि कोणता दिवा लागला होता ते विचारून घेतलं. नवा मथळा झाला, ‘इशारा मिळताच विमान परत; तपासणीनंतर पुन्हा रवाना’.

सातव्या पानावर एका कॉलमात ती लागली. दुसऱ्या दिवशी मी दुपारीच कार्यालयात जाऊन बसले होते. कोणाचाही फोन आला नाही.